एकवीस हजारांची रेघ: पगारवाढ, डायलिसिस आणि विम्याचे पैसे कोणी भरायचे

जागा भोसरी एमआयडीसी. वाहनांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करणारा सीएनसी-व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या कातकाम-यंत्रांचा) कारखाना, पगारपत्रकावर ५८ माणसं. हा कारखाना अमुक एक नाही. या पट्ट्यात दर एप्रिलला जे होतं ते एका छपराखाली आणून मांडलं आहे. कायद्याचे दर, तारखा आणि मर्यादा जशाच्या तशा दिल्या आहेत. पगार, विम्याचा हप्ता आणि उपचाराचा खर्च हिशोबासाठी धरलेला आहे.

ऑपरेटर ४२ वर्षांचा. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी, वर्षभरापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारी सरकारी विमा योजना) रेफरलवर एका टायअप, म्हणजे योजनेशी करार असलेल्या रुग्णालयात चालतं, खिशातून पैसे जात नाहीत. मार्च २०२५ मध्ये त्याचा एकूण पगार २०,६०० रुपये. कामाचा माणूस म्हणून मालकाने १ एप्रिलपासून ११०० रुपयांची वाढ दिली आणि पगार २१,७०० झाला. वाढीचं पत्र हातात पडल्यावर त्याने एचआरच्या टेबलावर येऊन एवढंच विचारलं, "मॅडम, वाढ नको म्हटलं तर चालेल का? कार्ड राहू द्या."

बाहेरच्या माणसाला ही मागणी चमत्कारिक वाटेल. एमआयडीसीत ती दर वर्षी कुणी ना कुणी करतंच.

रेघ कुठे आहे आणि ती कशी ओलांडली जाते

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरला सुरू झाली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ती लागू होते, आणि माणूस तिच्यात बसतो तो महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. २१,००० हा आकडा १ जानेवारी २०१७ पासूनचा, त्याआधी १५,००० होता. तेव्हापासून पगार वाढत गेले, रेघ मात्र तिथेच. त्यामुळे दर वर्षी काही माणसं गरिबीतून नव्हे, फक्त ईएसआयमधून बाहेर पडतात.

वर्गणीचे दर १ जुलै २०१९ पासून असे: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. आधी ते ४.७५ आणि १.७५ होते. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे आणि रक्कम वरच्या रुपयात पूर्ण करायची. २०,६०० वर मालकाचे ६७० आणि कामगाराचे १५५, मिळून ८२५ रुपये. एवढ्यात कामगार, बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा उपचार येतो आणि खर्चाला वरची मर्यादा नसते. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रोख रक्कम, ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, कामावर अपघात झाला तर ९० टक्के.

आता वाढ झाल्यावरचं पगारपत्रक बघा. कामगाराचे १५५ वाचले, पगार ११०० ने वाढला, हातात १२५५ रुपये जास्त. मालकाचे ६७० वाचले, म्हणजे ११०० ची वाढ त्याला निव्वळ ४३० ला पडली. कागदावर दोघंही फायद्यात. तिसरी व्यक्ती पगारपत्रकावर नाहीच. ती सोमवार-बुधवार-शुक्रवार मशिनला जोडलेली आहे.

तिचा खर्च मांडू. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा. एका वेळचे १५०० रुपये धरले तर २,३४,००० रुपये. यात रक्त वाढवायची इंजेक्शनं, लोह, महिन्याच्या तपासण्या धरलेल्या नाहीत. ऑपरेटरचा वर्षाचा पूर्ण पगार २,६०,४००.

तारखेची चूक

इथे एचआरची पहिली चूक झाली, आणि ती सर्रास होते. वाढ किती द्यायची यावर आठवडाभर खल झाला. कधीपासून द्यायची याचा विचार कुणीच केला नाही.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ, त्याचे लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा काळ, त्याचे लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. लाभासाठी त्या काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी हवी. यातला कळीचा नियम असा की काळ सुरू होताना माणूस मर्यादेत असेल आणि मध्येच पगार वाढला, तर तो काळ संपेपर्यंत तो ईएसआयमध्येच राहतो आणि वाढलेल्या पूर्ण पगारावर वर्गणी भरतो.

वाढ १ एप्रिलपासून दिली म्हणजे काळाच्या पहिल्याच दिवशी तो रेघेबाहेर. मार्चपर्यंतच्या वर्गणीवर त्याचा उपचार ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत चालेल, पुढे नाही. हीच वाढ १ मे पासून दिली असती तर? एप्रिलची वर्गणी जुन्या पगारावर, मे ते सप्टेंबर नव्या पगारावर: मालकाचे ७०६ आणि कामगाराचे १६३ दर महिना. मालकाला सहा महिन्यांत एकूण ४२०० रुपये, कामगाराला ९७० रुपये आणि एका महिन्याची हुकलेली वाढ ११००. त्या बदल्यात उपचार ३० जून २०२६ पर्यंत. म्हणजे सहा महिने जास्त, डायलिसिसच्या ७८ वेळा, १,१७,००० रुपये. यात काही बेकायदा नाही, कुणाचं नुकसान नाही. एका तारखेचा प्रश्न होता.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. एप्रिलच्या चलनातून नाव वगळल्यावर ऑपरेटरला "तुझं कार्ड बंद झालं" असं सांगण्यात आलं. ते खरं नव्हतं. वर्गणी बंद होणं आणि लाभ बंद होणं यांत नऊ महिन्यांचं अंतर आहे. अशा चुकीच्या निरोपावर माणसं मुकाट्याने खासगी रुग्णालयात पैसे भरायला लागतात. दवाखान्यात ऑनलाइन पात्रतेची तारीख दिसते. एचआरने ती छापून हातात दिली असती तर एप्रिलमधली धावपळ झाली नसती.

"मग पगार वीस हजार नऊशेवर ठेवा"

मालकाचा पहिला उपाय हा. कामगारही तयार. पण पगार गोठवला तर त्याच्याबरोबर पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, ओव्हरटाइमचा दर, सगळंच गोठतं. कुशल माणूस बायकोच्या आजारपणासाठी कमी पगारावर अडकून राहतो आणि दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी जात नाही. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणात झालं आहे. तिथे १९४२ मध्ये युद्धकाळात पगारवाढीवर बंधनं आली, आरोग्य विम्यासारख्या सवलती त्या बंधनातून सुटल्या, मग करातली सूट मिळाली आणि विमा नोकरीला कायमचा चिकटला. तिकडे गेलेल्या आपल्या लोकांना नोकरी बदलताना पहिला प्रश्न विम्याचा का पडतो, त्याचं मूळ तिथे आहे.

पगाराची मांडणी बदलून काही साधतं का? थोडंफार, निदान नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या नियमांत. पुढचा बदल शेवटी येईल. १९४८ च्या कायद्यात प्रवासभत्ता पगारात धरत नसत, आणि कामावर येण्या-जाण्याचा भत्ता हा प्रवासभत्त्यासारखाच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतराने दिलेली रक्कमही पगारात येत नसे. म्हणून तिमाही उत्पादन-बक्षीस धरलं जात नसे, महिन्याचं धरलं जाई. ओव्हरटाइमचं आणखी वेगळं: मर्यादा मोजताना तो सोडायचा, वर्गणी मात्र त्यावरही भरावी लागायची. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी कारखान्यांत दिवाळीआधीच्या ओव्हरटाइममुळे पगार २३,००० दिसला म्हणून माणसाला ईएसआयमधून काढतात, आणि तपासणीत थकबाकी निघते. थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंडाची रक्कम.

या कारखान्यात ऑपरेटरच्या पगाराचे भाग असे होते: मूळ पगार आणि महागाई भत्ता १४,२००, घरभाडं ४,३००, विशेष भत्ता ३,२००. येण्या-जाण्याचा भत्ता नावालाही नव्हता. मार्चमध्ये कुणी हे बघितलं असतं तर वाढीचे ११०० खऱ्याखुऱ्या वाहतूक भत्त्यात देता आले असते. एप्रिल उलटल्यावर मागच्या तारखेने पत्र बदलणं म्हणजे तपासणी अधिकाऱ्याच्या हातात कोलीत देणं. सल्लागाराने ते करू दिलं नाही, बरं केलं.

मेडिक्लेम घ्यायला निघाल्यावर

रेघेबाहेर आता २१ माणसं होती: सुपरवायझर, सेटर, क्वालिटीवाले, ऑफिसचे लोक आणि हा ऑपरेटर. मालक विम्याला तयार झाला हे मान्य करायला हवं, कारण त्याच्यावर तशी सक्ती नव्हती. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊननंतर कारखाने उघडताना केंद्र सरकारने कामगारांचा वैद्यकीय विमा ही अट घातली होती. त्या वर्षी घाईने घेतलेल्या कित्येक पॉलिसी पुढच्या वर्षी नूतनीकरणाविना संपल्या.

एजंटने आणलेलं कोटेशन धरू: कुटुंबाला तीन लाखांचा सामायिक विमा, नवरा-बायको आणि दोन मुलं, जुने आजार पहिल्या दिवसापासून. हप्ता कुटुंबामागे ११,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,९८०. २१ कुटुंबांचे २,७२,५८०. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी गेला, गटाच्या पॉलिसीवरचा राहिला. आणि मालकाला त्या जीएसटीचं क्रेडिटही (स्वतःच्या करातून वजावट) साधारणपणे मिळत नाही, कारण विमा देणं कायद्याने बंधनकारक असेल तरच ते मिळतं. म्हणजे जो स्वतःहून देतो त्यालाच हा भुर्दंड.

पैसे ठरले तरी काम संपत नाही. गटविम्यात काय काय अडतं ते पाहू.

सुरुवातीची तारीख. मालक म्हणाला, आर्थिक वर्षाबरोबर एप्रिल २०२६ पासून घेऊ. ऑपरेटरचं ईएसआय ३१ डिसेंबरला संपतं. मधल्या तीन महिन्यांत ३९ डायलिसिस, ५८,५०० रुपये. पॉलिसी १ जानेवारीपासूनच हवी.

आगाऊ पैसे. हप्ता आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेऊ शकत नाही, हा विमा कायद्याचा नियम आहे. गटविम्यात त्यासाठी कंपनीकडे ठेव-खातं असतं, त्याला सगळे सीडी बॅलन्स म्हणतात. नवं नाव घातलं आणि त्या खात्यात पैसे नसले तर ईमेल गेलेला असतो, एक्सेल भरलेलं असतं, पण विमा लागलेला नसतो. हे कळतं ते थेट रुग्णालयाच्या टेबलावर. वर्षभरात किती माणसं येतील याचा अंदाज घेऊन तेवढा हप्ता खात्यात ठेवायचा, आणि दर महिन्याला शिल्लक लेखी मागवायची.

नावं. आधारवर बायकोचं माहेरचं नाव, ईएसआयच्या कार्डावर सासरचं, एक्सेलमध्ये टोपणनावासकट तिसरंच. टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था, कॅशलेस अडवते ती इथे. यादी भरताना आधार समोर ठेवून अक्षर-अक्षर जुळवायचं. लग्न झालं, मूल झालं तर ठरलेल्या दिवसांत कळवायचं, बहुतेक पॉलिसींत ३० दिवस असतात. ती मुदत गेली की नाव पुढच्या नूतनीकरणालाच.

खोलीभाडं. एक टक्क्याची मर्यादा म्हणजे तीन लाखांवर दिवसाला ३००० रुपये. रुग्ण ४५०० च्या खोलीत गेला तर फक्त वरचे १५०० कापले जातील असं लोक धरून चालतात. तसं होत नाही: खोलीच्या दर्जाशी बांधलेली इतर बिलंही, डॉक्टरची फी आणि शस्त्रक्रियेचा आकार यांसह, त्याच प्रमाणात म्हणजे दोन-तृतीयांशावर येतात. चार पैसे जास्त देऊन ही अट काढून घेणं परवडतं.

आता डायलिसिस. ही डे-केअर प्रक्रिया म्हणून पॉलिसीत येते, २४ तास भरती राहावं लागत नाही. पण प्रत्येक वेळी वेगळी मंजुरी घ्यायची तर वर्षाला १५६ अर्ज. रुग्णालय आणि टीपीए मिळून महिन्याची एकत्र मंजुरी देतात का, हे पॉलिसी घेण्याआधी विचारायचं आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय आणि घरी सोडताना तीन तासांत अंतिम मंजुरी, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. डायलिसिस युनिटमध्ये पुढचा रुग्ण खुर्चीची वाट बघत असताना तो तासही मोठा असतो. इंजेक्शनं आणि गोळ्या बाहेरून घेतल्या तर त्या बहुधा ओपीडीत जातात, म्हणजे स्वतःच्या खर्चाने. ईएसआयच्या दवाखान्यातून त्या मिळत होत्या.

आणि विम्याची रक्कम. २,३४,००० डायलिसिसला गेले की वर्षभरासाठी चौघांत ६६,००० उरतात. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) बंद पडला, हाताला नवा करावा लागला, जंतुसंसर्गाने चार दिवस भरती झाली आणि ८०,००० चं बिल आलं, तर बेरीज ३,१४,००० होते. मुलाचा डेंग्यू त्यानंतर आला तर पॉलिसी रिकामी. यासाठी पूर्ण गटामागे एक राखीव रक्कम घेता येते, तिला कॉर्पोरेट बफर म्हणतात, आणि ती कुणाला द्यायची हे कंपनी ठरवते. लहान गटाला ती सहज मिळत नाही.

खरी अडचण मात्र पहिल्या वर्षाची नव्हेच. २१ कुटुंबांचा जीएसटीविना हप्ता २,३१,०००. एकट्या डायलिसिसचा दावा २,३४,०००. बाकी वीस कुटुंबांत वर्षभर कुणाला शिंकही आली नाही तरी विमा कंपनी तोट्यात. नूतनीकरणाला एजंट येतो तो दावे आणि हप्ता यांचं गुणोत्तर घेऊन, आणि दोनच गोष्टी सुचवतो: हप्ता वाढवा, नाहीतर डायलिसिसवर मर्यादा घाला. तिसरी गोष्ट तो बोलत नाही, मालकाच्या डोक्यात ती आपसूक येते. हा एक माणूस नसता तर हप्ता निम्मा झाला असता. भला मालक तो विचार झटकतो. पण पुढच्या भरतीत मुलाखतीला आलेल्याला "घरी सगळे ठीक आहेत ना?" असं विचारलं जातं, आणि तो प्रश्न आस्थेचा नसतो.

मालकाने भरायचं, पण कशात?

मालकाने विमा द्यावा का, या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकले आहेत. पैसे कोणी भरायचे, आणि आजाराची जोखीम कोणाच्या गटात वाटायची. पहिल्याचं उत्तर मालक हेच असायला हवं. मशिनवर आठ-आठ तास उभा राहणारा माणूस धडधाकट असणं हा त्याच्या धंद्याचा कच्चा माल आहे, आणि पगारावर ३.२५ टक्के ही रक्कम कुठल्याही धंद्याला झेपणारी आहे. दुसऱ्याचं उत्तर मालक असता कामा नये. २१ कुटुंबांचा गट म्हणजे गट नव्हे. ईएसआयमध्ये याच डायलिसिसचे २,३४,००० देशभरातल्या कोट्यवधी कामगारांच्या वर्गणीत विरून जातात. तिथे त्याच्या मालकाची वर्गणी एका पैशाने वाढत नाही, आणि बायको आजारी आहे हे मालकाला कळण्याचंही कारण नसतं.

ईएसआयचं गुणगान गायची गरज नाही. दवाखान्यात औषध नाही म्हणून बाहेरून घ्या सांगतात, प्रतिपूर्तीला महिने जातात, टायअप रुग्णालयाची बिलं थकली की ते रेफरल घेणं थांबवतं आणि रुग्ण दुसऱ्या टोकाला पाठवला जातो. पगार बुडवून दिवसभर रांगेत बसणं हाही खर्चच. म्हणूनच २१,००० च्या वर गेलेल्या तरुण, धडधाकट माणसाला मेडिक्लेमचं कार्ड बढतीसारखं वाटतं. ज्याच्या घरात जन्माचं दुखणं आहे त्याला तसं वाटत नाही. योजना सुधारायची असेल तर बऱ्यापैकी पगारवाली माणसं तिच्यात राहिली पाहिजेत; आवाज करणारी माणसं रेघ ओढून बाहेर काढली की मागे राहिलेल्यांचं ऐकणार कोण.

रेघेच्या आणखी एका परिणामाचा हिशोब मालकांनी करायला हवा. कामगार ईएसआयमध्ये आहे तोवर कामावरच्या अपघाताची भरपाई ईएसआयचं महामंडळ देतं. तो बाहेर पडला की पैसे मालकाच्या खिशातून; नोव्हेंबर २०२५ पर्यंत हे १९२३ च्या भरपाई कायद्याने चालायचं. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्म्याला वयाचा गुणक, आणि त्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरत. ४२ वर्षांचा गुणक १७८.४९, ७५०० ने गुणून १३,३८,६७५ रुपये. मेडिक्लेम यातलं काहीही देत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. या कारखान्यात ती नव्हती. २१ माणसांपैकी निम्मी मशिनवर होती. आणि कंत्राटदाराच्या माणसांची ईएसआय वर्गणी थकली तर तीही मुख्य मालकाकडूनच वसूल होते. म्हणून कंत्राटदाराचं बिल देण्याआधी त्याच्या चलनाची प्रत आणि नावांची यादी घ्यायची, नुसतं "भरलंय साहेब" पुरत नाही.

नोव्हेंबरनंतर

या प्रकरणाला वर्षाच्या शेवटी वेगळं वळण मिळालं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्यात ईएसआयसाठीची पगाराची व्याख्याही बदलली. मूळ पगार, महागाई भत्ता पगारात. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम, बोनस बाहेर. बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग परत पगारात मोजायचा. विशेष भत्ता वगळलेल्यांच्या यादीत नाही, म्हणून तो पगारच.

आपल्या ऑपरेटरला हे लावून बघा. १४,२०० अधिक ३,२०० म्हणजे १७,४००. घरभाड्याचे ४,३०० बाहेर, ते निम्म्याच्या खूप खाली. मर्यादा २१,०००. एकूण पगार २१,७०० तसाच असताना व्याख्येने तो रेघेच्या आत आला. वर्गणी मालकाची ५६६, कामगाराची १३१. रेघेबाहेरच्या २१ जणांची अशी आकडेमोड केली तर आणखी काहीजण आत येतील. ज्यांना मेडिक्लेमची सवय झाली आहे ते कुरकुर करतील, पण कायद्याने आत असलेल्याला बाहेर राहायची मुभा नाही.

याच संहितेत ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी डिलिव्हरी आणि टॅक्सीवाल्या कामगारांच्या निधीत उलाढालीचे १ ते २ टक्के भरायची तरतूद आहे, त्या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत. नोकरीचं नातं न मानताही पैसे घेता येतात, हे सरकारने कागदावर तरी कबूल केलं. नऊ माणसांच्या शेडमधल्या कामगारासाठी असं का नको, हा प्रश्न भोसरीत घरोघरी लागू आहे.

एचआरने डिसेंबरमध्ये जे करायचं ते असं. सगळ्या ५८ जणांच्या पगाराची नव्या व्याख्येने एका पानावर फोड. आत येणाऱ्यांची नावं जुन्याच विमा क्रमांकावर पुन्हा जोडणं. नवा क्रमांक काढला तर आधीची वर्षं मोजताना घोळ होतो. ईएसआयच्या शाखा कार्यालयाला पत्र, त्यात एकच नेमका प्रश्न: १ एप्रिल ते २० नोव्हेंबर २०२५ या खंडामुळे कुटुंबाच्या विशेष उपचारांसाठीची वर्गणीच्या दिवसांची अट पुन्हा पहिल्यापासून मोजणार का? पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. मेडिक्लेम १ जानेवारीपासून ठेवायचाच, ऑपरेटरचं नाव त्यात घालूनच; लेखी उत्तर आल्यावर कमी करता येतं आणि पुढच्या दिवसांचा हप्ता परत मिळतो, फक्त त्या नावावर दावा झालेला नसला पाहिजे. डायलिसिसमध्ये दावा पहिल्याच आठवड्यात होतो, तेव्हा हा हप्ता गेला असंच धरायचं.

तिसरी वाट म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, डायलिसिस तिच्यात आहे, आणि २०२३ मध्ये सर्व शिधापत्रिकाधारकांना ती लागू करायचा निर्णय झाला. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार घेऊन जायचं. ऑपरेटरचं नाव अजून गावाकडच्या, वडिलांच्या शिधापत्रिकेवर होतं आणि बायकोचं कुठेच नव्हतं. ते चढवायला अर्ज, लग्नाचा दाखला, माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणि तालुक्याला दोन-तीन खेपा. त्या खेपांसाठी मालकाने पगारी रजा दिली.